सुन लियांगची गादी पोरकट घाईमुळे गेली का?

‘जुन्या चीनमधल्या वू राज्याचा सम्राट सुन लियांग एवढा चलाख होता, मग कारभाऱ्याने त्याला गादीवरून कसं हाकललं? पोरकट घाईच नडली ना?’ असं तुम्ही विचारलंय. ‘पोरकट’ हा शब्द मला लागला.

मी १४ वर्षांचा असताना वडील गेले आणि आमचं किराणा दुकान काकांच्या हाती आलं. दहावीच्या सुट्टीत मी रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहिली. साखरेची पोती गेलेली, पैसे कुठेच जमा नाहीत. फक्त मामाला सांगितलं, कुठे बोलू नका म्हणून शपथ घातली. मामाने मामीला सांगितलं. मामी म्हणजे काकूची मावसबहीण. दुसऱ्या दिवशी गल्ल्याची किल्ली माझ्याकडून गेली, आठवड्यात मी वसतिगृहात.

सुन लियांगचं नेमकं हेच झालं. इ.स. २५२ साली दहाव्या वर्षी तो गादीवर आला. मधात उंदराची लेंडी निघाली तेव्हा त्याने ती फोडायला लावली. आतून कोरडी, म्हणजे नुकतीच टाकलेली. भांडाऱ्यावर आळ घेणारा खोजा तिथेच सापडला. २५७ पासून स्वतः कारभार बघू लागला, तेव्हा १५ ते १८ वयाची ३००० पोरं निवडून फौज उभारली, आपल्याबरोबर वाढेल म्हणून. याला पोरकट म्हणायचं? कारभारी सुन चेनला संपवायचा बेत सासऱ्याच्या कानी गेला, सासऱ्याने बायकोला सांगितलं आणि ती निघाली सुन चेनची चुलतबहीण. २५८ मध्ये रातोरात राजवाड्याला वेढा पडला. पोरगा धनुष्य घेऊन घोड्यावर चढला, तर दाईने आणि चाकरांनीच त्याला धरून ठेवलं.

ताई अजून म्हणते, अठरा होईपर्यंत गप्प बसायचं होतंस. सुन चेनने त्याच्या जागी बसवलेला थोरला सावत्र भाऊ सुन शिऊ तसाच गोड बोलत राहिला आणि त्याच हिवाळ्यात मेजवानीला बोलावून त्याने सुन चेनला पकडून मारलं, हे खरं. पण तो विशी ओलांडलेला होता, डिंग फेंगसारखा मुरलेला सेनापती त्याच्या बाजूला होता. माझ्या बाजूला कोण होतं, ताई? गप्प बसलो असतो तर अठराव्या वर्षी रिकाम्या बरण्या हाती आल्या असत्या.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नात्यात बोलू नका, थेट वकील गाठा.

लेंडीची गोष्ट इतिहासग्रंथावर नंतर लिहिलेल्या टिपांमधली आहे, तिचे दोन पाठ मिळतात. आणि राजधानीतल्या फौजा सुन चेनच्या भावांकडे होत्या, त्यामुळे बेत फुटला नसता तरी लढाई सोपी नव्हतीच.