दगडखाण आणि क्रशरसाठी सरकारची मदत मिळते का?

तुम्ही विचारलंय की घरच्या माळावर दगडखाण आणि क्रशर टाकलं तर सरकार अनुदान देतं का, आणि परवानग्यांचा जाच किती. अनुदानाच्या भरवशावर या धंद्यात उतरू नका. राज्याच्या 2025 च्या धोरणात कृत्रिम वाळूच्या युनिटला ब्रासमागे (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) 600 ऐवजी 200 रुपये रॉयल्टी आणि उद्योग खात्याच्या काही सवलती आहेत. खडी-डबराला ती सवलत नाही. पर्यावरण मंजुरी लहान खाणीलाही लागते, 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून. हे कागद सल्लागार करून देतो. खरी जोखीम कागद हातात आल्यावर सुरू होते.

सातारा जिल्ह्यात वडिलांच्या नावच्या माळावर आमची खाण होती. पोकलेन आणि ब्लास्टिंग मी बघायचो, गेट आणि गाड्या दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना हिशोब विचारायची आमच्या घरात रीत नाही. खाणीबाहेर जाणाऱ्या दर गाडीला रॉयल्टी भरल्याचा पास लागतो. रात्री दहानंतर टिपर भरल्याचा आवाज यायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, "पास काढत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या खाणीवर जातं." मी गप्प बसलो, ती चूक माझी.

2022 च्या उन्हाळ्यात सरकारी मोजणी आली. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून अर्ध्या दिवसात खड्डा मोजला. निघालेला दगड 2,700 ब्रास, पास 1,900 ब्रासचे. महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड. भाव ब्रासला 700 धरला. 800 ब्रासचे 28 लाख, वर रॉयल्टीचे 4 लाख 80 हजार. वेळेत भरले नाहीत म्हणून वडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला, आणि त्या वर्षी सोसायटीनं उसाला कर्ज दिलं नाही. सत्तरी ओलांडलेले वडील सोसायटीच्या पायऱ्या उतरून आले आणि घरी कुणाशी बोलले नाहीत. पोकलेन विकलं, क्रशर विकलं, तेव्हा कुठे बोजा उतरला.

दाजी आजही म्हणतात मोजणीच चुकीची होती, फोडलेला दगड फुगतो हे मोजणीवाल्यांना कळलं नाही. फुगतो हे खरं. पण मोजला तो खड्डा, म्हणजे घट्ट खडक, आणि टिपरमध्ये जातो तो सुटा दगड. 100 ब्रासच्या खड्ड्यातून सुटे 140 ब्रास सहज भरतात. फुगवटा धरला तर आपले पास आणखी कमी पडतात, दाजी! दुसरी तक्रार, वरचा मुरूमही मोजला. मुरूमसुद्धा दगडासारखं गौण खनिजच आहे, म्हणजे त्यालाही रॉयल्टी लागते, आणि तो आपण रस्त्याच्या ठेकेदाराला विकला होता.

सरकार खाणवाल्याला छळतं, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बिनपासाची गाडी स्वस्तात खडी टाकते तेव्हा पास काढणारा मरतो. मोजणी वरचेवर व्हायला हवी. आमची पहिल्या सहा महिन्यांत झाली असती तर फरक शंभर ब्रासवर थांबला असता.

तुम्ही एवढं करा. पहिला सुरुंग लावायच्या आधी जमिनीची मोजणी स्वखर्चानं करून नकाशा सांभाळा. जागेवर जुना खड्डा असेल तर तोसुद्धा तुमच्या माथी बसू शकतो. सुरुंग वापरणार असाल तर खाणीतल्या सुरक्षेचा केंद्राचा कायदा लागू होतो, खोली सहा मीटरच्या आत असली तरी.

माझा अनुभव काळ्या दगडाचा आहे, कोकणातल्या चिरेखाणीचं गणित वेगळं. रॉयल्टीचे दर बदलत असतात, तेव्हा जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेत ताजा शासन निर्णय मागून वाचा. आणि भागीदार नात्यातला असेल तर पास कुणाच्या मोबाइलवरून निघणार आणि गेटची वही कोण तपासणार, हे स्टँप पेपरवर लिहून घ्या. आमच्यात ते तोंडी होतं.