‘समॅरिटन’ लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,

जखमी दुचाकीस्वाराला दवाखान्यात पोचवणाऱ्या रिक्षावाल्याला तू बातमीत ‘खरा समॅरिटन’ म्हटलं आहेस. भावना पोचते, पण शब्द घसरलाय. समॅरिटन म्हणजे परोपकारी नव्हे. तो एका मुलखाचा आणि पंथाचा माणूस. उद्या कुणी ‘खरा वऱ्हाडी’ लिहून ‘दानशूर’ असा अर्थ काढला, तर कसं वाटेल?

मूळ नाव टेकडीचं. प्राचीन इस्राएलचा राजा अम्री याने ती शेमेर नावाच्या मालकाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदीला घेतली, वर नगर वसवलं आणि जुन्या मालकावरून त्याला शोमरोन म्हटलं, असं बायबलातल्या पहिल्या राजे (16:24) मध्ये आहे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून ‘सामारेया’ झालं. इंग्रजी शब्द तिथून लॅटिनमार्गे आला. मराठी बायबलने मात्र ‘शोमरोनी’ लिहून मूळचा श राखला. खुद्द त्या लोकांना शेमेरची गोष्ट मान्य नाही. ते स्वतःला ‘शामेरीम’ म्हणवतात, म्हणजे तोराह या धर्मग्रंथाचे राखणदार. हिब्रूत श-म-र धातूचा अर्थच राखणं.

इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांनी (असीरियनांनी) शोमरोन जिंकून तिथे परके लोक वसवले. यहुदी शोमरोनींना त्यांचेच वंशज मानून ‘कूथी’, म्हणजे कूथा गावाहून आलेले, म्हणून हिणवत. शोमरोनींचं पवित्र स्थान यरुशलेम नव्हे, गरिज्जीम डोंगर. तिथलं मंदिर यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं.

हे वैर ध्यानात ठेवून बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाच. ‘गुड समॅरिटन’ची गोष्ट तिथलीच. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, विचारल्यावर येशू ती सांगतो. ऐकणारे यहुदी. यरीहोच्या वाटेवर लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाला बघून याजक, म्हणजे मंदिराचा पुजारी, वळसा घालून जातो, मंदिराचा सेवक लेवीही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी देतो, वर ‘जास्त लागले तर परतताना देईन’ म्हणतो. ‘चांगला’ हे विशेषण मूळ मजकुरात नाहीच, ते मागाहून चिकटलं. शेवटी येशू विचारतो, या तिघांत त्या माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्री म्हणतो, ‘ज्याने दया केली तो.’ ‘शोमरोनी’ हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही!

आता तुझ्या कामाचं. कथेबद्दल किंवा लोकांबद्दल लिहिताना ‘शोमरोनी’ लिही. ते आजही आहेत, हजाराच्या आत, गरिज्जीमवर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये. कायद्याबद्दल लिहिताना ‘गुड समॅरिटन’, दोन्ही शब्द. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ फक्त अपघातग्रस्ताला स्वेच्छेने, बक्षीस वा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यासाठी आहे. सद्भावनेने मदत करताना हयगय झाली, तरी जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. सापडलेलं पाकीट परत करणारा त्यात बसत नाही.

म्हणून रिक्षावाल्याने भाडं मागितलं होतं का, ते आधी विचारून घे. मथळ्याला ‘रिक्षाचालकाने जखमीला दवाखान्यात पोचवलं’ एवढं पुरे.