एकाकी डोंगराला ‘मोनॅडनॉक’ म्हणावे की ‘इन्सेलबर्ग’?

दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच आहे: सभोवतालचा प्रदेश झिजून सपाट झाल्यावरही टिकून राहिलेला एकटा डोंगर. नावे वेगळी पडली ती अभ्यासकांमुळे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मोनॅडनॉक नावाचा सुमारे ९६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याचे शिस्ट आणि क्वार्टझाइट हे खडक भोवतालच्या खडकांपेक्षा चिवट असल्यामुळे तो उभा राहिला. भूरूपशास्त्रज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी अपक्षरण-चक्राची (उंचावलेला भूभाग टप्प्याटप्प्याने झिजत सपाट होतो या कल्पनेची) मांडणी करताना या आबेनाकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील स्थलनामाचे सामान्यनाम केले, त्यामुळे या शब्दासोबत नद्यांनी दीर्घकाळ झिजवून बनवलेल्या समप्राय (जवळजवळ सपाट) मैदानाची कल्पनाही येते. जर्मन भूवैज्ञानिक विल्हेल्म बोर्नहार्ट यांनी मात्र पूर्व आफ्रिकेच्या मैदानांतून एकाएकी वर आलेले खडकाळ डोंगर पाहून १९०० मध्ये ‘इन्सेलबर्ग’, म्हणजे बेट-डोंगर, हा शब्द रूढ केला. पुढे घुमटाकार, उघड्या ग्रॅनाइटी इन्सेलबर्गना त्यांचेच नाव मिळाले. रिओ दि जानेरोचा शुगरलोफ हा असाच ‘बोर्नहार्ट’ आहे.

माझ्या मते ‘इन्सेलबर्ग’ अधिक सोयीचा, कारण तो केवळ रूप सांगतो, उत्पत्तीचा सिद्धान्त लादत नाही. ऑस्ट्रेलियातील ३४८ मीटर उंच उलुरूला बहुतेक जण तेच म्हणतात. दख्खनच्या आडव्या बेसाल्ट थरांतून कोरलेल्या सपाट माथ्याच्या डोंगरांना मात्र ‘मेसा’ किंवा, माथा अरुंद असल्यास, ‘ब्यूट’ म्हणणे योग्य.