रिव्हर्स कॅमेरा : फसव्या रेघा, धूसर चित्र आणि डिक्कीतली वायर

प्रश्न : सोसायटीत गाडी मागे घेताना टेम्पोचा फाळका माझ्या मागच्या काचेला लागला. स्क्रीनवर तर टेम्पो पिवळ्या रेघेच्याही पलीकडे होता. कॅमेरा बिघडलाय का? (नाशिक)

कॅमेरा ठणठणीत आहे. त्या रेघा जमिनीवरचं अंतर सांगतात, तेही मागची जमीन सपाट आहे असं धरून. टेम्पोची चाकं जिथे टेकली होती तिथलं अंतर रेघेने बरोबरच दाखवलं. फाळका मात्र चाकांच्या बराच बाहेर, हवेत आलेला असतो. जे उंचावर असतं ते चित्रात वर सरकतं आणि म्हणून लांब वाटतं. मागे चढ असला तरी वस्तू प्रत्यक्षाहून लांब भासते, उतार असला तर जवळ. त्यात भिंग रुंद कोनाचं, त्यामुळे सगळंच लहान दिसतं. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या रेघा गाडी कुठे वळेल ते सांगतात, उंची त्यांनाही कळत नाही. मागे ट्रक, टेम्पो, गॅलरी किंवा झाडाची फांदी असेल तेव्हा रेघांवर अजिबात विसंबू नका, मान वळवून बघा.

प्रश्न : हॅचबॅकचा कॅमेरा कधी चालतो, कधी निळा पडदा. डिक्की आपटली की चित्र परत येतं. नवा कॅमेरा घ्यावा का? (कोल्हापूर)

थांबा, इतक्यात पैसे घालवू नका. छप्पर आणि डिक्कीचं दार यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक रबरी नळी असते. कॅमेऱ्याची वायर तिच्यातून जाते आणि दार उघडता-मिटताना दर वेळी तिथेच वाकते. वरचं आवरण शाबूत राहतं आणि आतली तांब्याची तार तुटते. हे घरीच तपासता येतं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू, गिअर रिव्हर्समध्ये. एकाने स्क्रीन बघायची, दुसऱ्याने ती नळी हळूच वाकवायची. चित्र फडफडलं तर दोष तिथेच. दुरुस्ती करताना वायर पिळून वर काळी टेप गुंडाळू देऊ नका, ते पुन्हा तुटतं. मऊ, थोडी लांब वायर घालून सोल्डर करून घ्या आणि जोड वाकण्याच्या जागेपासून दूर ठेवायला सांगा. सगळं दुकानदाराला असंच स्पष्ट सांगा, नाहीतर तो थेट नवा कॅमेरा पुढे करील.

प्रश्न : पावसाळ्यात चित्र धूसर होतं. टूथपेस्टने भिंग घासू का? (चिपळूण)

कृपा करून नको, थिनरही नको. चिखल आधी पाण्याने भिजवून सोडवा, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपा. कोरडा चिखल घासला की ओरखडे कायमचे. पुसूनही धुकं जात नसेल तर भिंगाच्या आत ओल शिरली आहे, म्हणजे सील गेलं. अशा वेळी कॅमेरा बदलणंच बरं. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन कॅमेऱ्यावर जवळून मारू देऊ नका. कॅमेऱ्यावर लिहिलेला आयपी ६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढंच, जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नाही.

प्रश्न : गाडीला मागे अडथळा आला की वाजणारे सेन्सर आहेत, मग कॅमेरा हवाच का? (पुणे)

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना कॅमेराच बंधनकारक आहे, कारण गाडीमागे आलेली लहान मुलं आरशात दिसत नाहीत. सेन्सरला बारीक खांब किंवा बुटका दगड हुकू शकतो. घरात लहान मूल असेल तर मी दोन्ही घ्या असंच सांगेन.

प्रश्न : बाहेरच्या दुकानातून बसवलेल्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलट दिसतं. (छत्रपती संभाजीनगर)

मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटवलेलं असावं लागतं, तरच गाडीची डावी बाजू स्क्रीनच्या डावीकडे येते. तुमचा कॅमेरा पुढच्या बाजूच्या सेटिंगवर राहिला असणार. बऱ्याच कॅमेऱ्यांना छोटी वायरची वेटोळी असतात, त्यातलं ठरावीक कापलं की चित्र उलटतं. कुठलं कापायचं ते सोबतच्या कागदावर असतं. कागद हरवला असेल तर बसवणाऱ्याकडेच न्या, अंदाजाने कापू नका.