घरबांधणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गावठाणात आमची जागा 15 फूट रुंद आणि 45 फूट खोल आहे. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरं, उजेड फक्त रस्त्याकडून आणि परसातून. वर एक मजला काढायचा आहे. मिस्त्री म्हणतात, जिना पुढे घ्या आणि त्याखाली संडास काढा. योग्य होईल का?

उत्तर : दोन्ही नको. जिना पुढे घेतला की वर गेल्यावर मागच्या खोलीत जायला घराच्या लांबीभर बोळ सोडावा लागतो. सहा-सहा इंची भिंती वजा जाता तुमच्याकडे आत 14 फूट उरतात, त्यातले 3 फूट नुसते येण्याजाण्यात जातील. शिवाय रस्त्याकडचा उजेड जिनाच खाणार.

जिना मधोमध आडवा घ्या. मजल्याची उंची 10 फूट धरली तर 18 चढ (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची) येतात, प्रत्येकी पावणेसात इंचांच्या आत. नऊ-नऊ चढांचे दोन टप्पे, टप्प्यात 10 इंच रुंद आठ पायऱ्या (नववा चढ लँडिंगवर म्हणजे मधल्या सपाट जागेवर नेतो), लँडिंग 3 फूट : मिळून रुंदीतले 9 फूट 8 इंच आणि खोलीतले साधारण साडेसहा फूट. उरलेल्या सव्वाचार फुटांतून ये-जा होते आणि वर पोचताच एक खोली पुढे, एक मागे. लँडिंग जमिनीपासून 5 फुटांवर येतं, स्लॅबची जाडी वजा करा : संडासात माणूस उभा राहणार नाही. तिथे पंप आणि इन्व्हर्टर ठेवा.

जिन्याला लागूनच 5 × 6 फुटांचा चौक गच्चीपर्यंत मोकळा सोडा. न्हाणीघर चौकाशेजारी घेऊन त्याची खिडकी चौकात उघडा. शेजाऱ्याच्या हद्दीवरच्या भिंतीत मात्र खिडकी ठेवू नका, त्याने मजला चढवला की ती बुजलीच. चौकावर छत हवं असेल तर ते गच्चीच्या वर फूटभर उचलून चारी बाजूंना झडपा लावा. सपाट पत्रा ठोकून चौक बंद केला की गरम हवा आणि फोडणीचा वास वरच्या मजल्यावर कोंडतो. ही चूक फार घरांत दिसते. चौकाची फरशी घरापेक्षा 4 इंच खाली, आणि भिंतींना पांढरा रंग. गडद टाइल्स लावल्यात तर उजेड खालपर्यंत पोचणारच नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांची भिंत जुनी, दगड-मातीची आहे. पाया कसा खणावा?

उत्तर : जेसीबीने एका दमात चर मारू नका, भिंतीखालची माती सुटते. 4-5 फुटांचे तुकडे, एक सोडून एक, हाताने खणा. एक भरून झाल्यावरच पुढचा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया) शेजाऱ्याच्या जागेत सरकवता येत नाही, म्हणून कॉलम त्याच्या कडेला येतो आणि फुटिंग कलतं. ते आतल्या फुटिंगला स्ट्रॅप बीमने (दोन फुटिंग जोडणाऱ्या तुळईने) बांधून घ्या. 9 इंची कॉलमवर भागवू नका : भूकंपासाठीच्या आयएस 13920 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान 300 मिमी (साधारण 12 इंच) सांगितली आहे. कॉलमचा आत पुढे येणारा भाग कपाटांत लपवता येतो. आणि खणण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांच्या भिंतीवरच्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा.