कंदील परत आला पाहिजे
वाचकांचे प्रश्न : गेलेल्यांच्या आठवणीसाठी सामूहिक दिवे

प्रश्न : गेल्या काही वर्षांत आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांतली माणसं गेली. सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी प्रत्येकाच्या नावाने गच्चीवरून एकेक उडता कंदील सोडावा, असं ठरतंय. काय काळजी घ्यावी?
— मुलुंड

उडते कंदील सोडूच नका. मेणात भिजवलेली चिंधी किंवा वडी पेटवून हे कंदील वर जातात आणि वाऱ्याबरोबर कुठेही उतरतात, कधी कधी पेटत्या वडीसकट. जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२०च्या नववर्षाच्या रात्री अशाच कंदिलांमुळे माकडघराला आग लागली आणि ३०हून अधिक प्राणी मेले. त्या भागात या कंदिलांवर आधीपासूनच बंदी होती. मुंबई पोलिसांनीही दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या विक्री-वापरावर मनाईचे आदेश काढलेले आहेत.

महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून आश्विन अमावास्येला उल्कादान, म्हणजे हातात पेटती चूड धरून वाट दाखवणं, आणि कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा, ही आपली जुनी रीत. तिच्यात दिवा हातात राहतो किंवा काठीला राहतो, सुटून जात नाही. तुम्हीही तसंच करा, आणि गच्चीऐवजी खालचं अंगण घ्या, कारण गच्चीवर वारा फार. २५ सेंमी उंचीची, रुंद बुडाची खाकी कागदी पिशवी घ्या. तिच्यावर नाव लिहा, तळाला तीन बोटं वाळू भरा, वाळूत जाड काचेचा पेला रोवा आणि पेल्यात मेणपणती ठेवा. पेला वगळू नका. वाऱ्याने ज्योत आडवी झाली की कागदाला पहिली झळ लागते ती तिथेच. दोन पिशव्यांमध्ये मीटरभर जागा सोडा आणि दुचाक्या त्या दिवशी दुपारीच हलवून घ्या.

प्रश्न : आम्हाला पाण्यावर कंदील सोडायचे आहेत. कृष्णेत सोडावेत की गावच्या तळ्यात? ते बनवायचे कसे? साधारण साठ लागतील.
— वाई

तळ्यात. भाद्रपदात धोम धरणातून पाणी सोडलं की नदीची ओढ एकदम वाढते, आणि त्या ओढीत गेलेला कंदील परत मिळत नाही. हिरोशिमात ६ ऑगस्टला नदीत कंदील सोडतात, हवाईत होनोलुलूच्या आला मोआना किनाऱ्यावर मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी समुद्रात. हवाईतले स्वयंसेवक होड्या घेऊन सगळे कंदील गोळा करतात आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा वापरतात. तुमच्या बेताची सुरुवातही गोळा करण्यापासूनच करा. कंदील कसे आणायचे हे ठरलेलं नसेल, तर सोडायचे कसे हा विचार थांबवा.

बूड खोक्याच्या पाइन लाकडाचं, १८ बाय १८ सेंमी, २ सेंमी जाड. पातळ प्लायवूड कंदिलाच्या वजनाने जवळजवळ पाण्याच्या पातळीला येतं आणि पहिल्याच लाटेला वात विझते. थर्माकोल तरंगतो चांगला, पण त्याचे मणी तळ्यात वर्षानुवर्षं राहतात. पळसाचे द्रोण साध्या दीपदानाला ठीक, कागदी कंदिलाला नाहीत, कारण टाक्यांतून पाणी शिरतं.

बुडाच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून २५ सेंमीच्या बांबूच्या कामट्या घट्ट ठोका. दोन कामट्यांमध्ये १६ सेंमी अंतर राहू द्या. त्यांच्याभोवती बटर पेपरची ६६ बाय २० सेंमीची पट्टी गुंडाळा. ५० बाय ७५ सेंमीच्या कागदातून दोन पट्ट्या निघतात, म्हणजे साठ कंदिलांना तीस कागद, आणि फाटाफाटीसाठी वर चार. पतंगाचा कागद दिसायला सुंदर, पण दव पडलं की ढिला होऊन ज्योतीकडे झुकतो. कागद आणि बूड यांमध्ये बोटभर फट ठेवा आणि वरचं तोंड पूर्ण उघडं. फट नसेल तर हवा कमी पडते, ज्योत काजळी धरते आणि गेलेल्याचं नाव काळं पडतं. नाव कागद चिकटवण्याआधीच लिहा, तेलखडूने किंवा पेन्सिलने. स्केचपेनची शाई ओलीने पसरते. मेणपणती हलू नये म्हणून तिच्याखाली शाडूचा लहान गोळा दाबा.

खळ मैद्याची. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात शिजवून पारदर्शक झाला की उतरवा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची अनेकांना सवय असते, ती इथे मोडा. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, आणि तळ्यातल्या माशांना ते विषारी आहे.

आता दोरी. कोळी वापरतात ती तरंगणारी प्लास्टिकची दोरी घ्या. सुतळी भिजली की जड होऊन बुडते आणि कंदील एका बाजूला ओढते. प्रत्येक बुडाच्या कडेला एक आकडा बसवा आणि एका दोरीवर पाऊण-पाऊण मीटरवर दहा कंदील, अशा सहा दोऱ्या करा. दोरीचं टोक काठावर एका माणसाच्या हातात, आणि दोन माणसांमध्ये किमान तीन मीटर. जवळ उभे राहिलात की दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि अंधारात त्या सोडवता येत नाहीत. वारा ज्या काठाकडून येतो त्याच काठावरून सोडा, म्हणजे कंदील आपोआप आत जातील. समोरच्या काठावरून सोडलेत तर तिथेच काठाला चिकटून बसतील. अगोदर काठावर उदबत्ती धरून बघा. धूर सरळ आडवा जात असेल तर त्या संध्याकाळी पाण्यात काही सोडू नका, कंदील काठावर मांडा.

मेणपणती साधारण चार तास जळते, तेवढी वाट बघायची नाही. पाऊण तासाने दोऱ्या ओढा आणि प्रत्येक ज्योत हाताने विझवा. बुडाखाली क्रमांक लिहिलेले असू द्या. साठ गेले, साठ आले, हे मोजूनच घरी जा. घाटाच्या पायऱ्या त्या दिवसांत शेवाळलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर उजेड आणि जवळ पोहता येणारी दोन माणसं हवीतच.

प्रश्न : खऱ्या ज्योतीऐवजी बॅटरीचे दिवे चालतील का?
— पणजी

चालतील, आणि लहान मुलं बरीच असतील किंवा वाळकं गवत जवळ असेल तर तेच घ्या. पण त्यांतल्या नाण्यासारख्या बॅटऱ्या लहान मुलाने गिळल्या तर काही तासांत अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे आणा, आणि एकही पाण्यात राहू देऊ नका.

प्रश्न : नावं कशी वाचावीत? आमच्याकडे हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम, सगळी कुटुंबं आहेत.
— वसई

आडनावानुसार अकारविल्हे, मानपान न बघता. नावाआधी कै., स्वर्गीय, मरहूम काहीही लावू नका. एकाची रीत दुसऱ्याच्या माणसाला लागू होत नाही, आणि नुसतं पूर्ण नाव सगळ्यांना चालतं. यादी चार दिवस आधी बंद करा आणि प्रत्येक घराला फोन करून उच्चार विचारून घ्या. चुकीचं वाचलेलं नाव घरच्यांना फार लागतं. एका नावाला आठ सेकंद धरा. साठ नावांना आठ मिनिटं होतात, तेवढा वेळ लोक शांत उभे राहतात. भाषणं ठेवू नका. शेवटी दोन मिनिटं कोणालाही राहिलेलं नाव स्वतः घेऊ द्या. यादीत द्यायला धजावले नसतील, अशी नावं तिथे येतात : आत्महत्या केलेला मुलगा, जन्मताच गेलेलं बाळ. कोणी काही विचारू नये, हे सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा.

आणि कंदिलांवरचे कागद त्याच रात्री त्या त्या घराच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी न्यायला सहसा कोणी येत नाही, आणि नावं लिहिलेले कागद कचऱ्यात गेलेले कोणालाच बघवत नाहीत. बुडं आणि कामट्या सुकवून पुढच्या वर्षासाठी ठेवा.