शंख नाही, तरी शिकारी

प्रश्न : २०२२च्या खरिपात शंखी गोगलगायींनी आमच्याकडची सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा आम्ही त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होतो. समुद्रात मात्र बिनशंखाच्या शिकारी गोगलगायी असतात, असे वाचले. त्यांना खारे पाणी कसे बाधत नाही, शंखाविना त्यांचे रक्षण कसे होते आणि एकमेकींना खाणाऱ्या या जिवांचे मीलन तरी कसे जमते?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : मिठाचे कोडे साधे आहे. शेतातल्या गोगलगायीच्या शरीरद्रवात क्षार कमी असल्यामुळे मीठ तिच्या अंगातले पाणी ओढून घेते. सागरी गोगलगायीचा शरीरद्रव मुळातच समुद्राच्या पाण्याइतका खारट असतो.

शंखाचे काम त्वचा करते. प्लुरोब्रँकिया या खादाड शिकारी गोगलगायीला डिवचले, की तिच्या त्वचेतील ग्रंथींमधून गंधकाम्ल पाझरते आणि तिला तोंडात धरणारा मासा तिला लगेच थुंकून टाकतो. माती परीक्षणाच्या अहवालात आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ८च्या आसपास दिसतो. या स्रावाचा तो १ ते २ असतो, यावरून त्याचा दाहकपणा लक्षात यावा. ग्लॉकस ही निळी गोगलगाय तर ‘ब्लू बॉटल’ हा दंश करणारा जीव खाते आणि त्याच्या दंशपेशी न फुटू देता स्वतःच्या अंगावरील बोटांसारख्या फाट्यांच्या टोकांत साठवते. आयती शस्त्रे, तीही भक्ष्याचीच!

मीलनाचा प्रश्न खरा रंजक आहे. तुमच्या शंखी गोगलगायीप्रमाणेच या साऱ्या उभयलिंगी असतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नॅव्हॅनॅक्स ही शिकारी गोगलगाय दुसऱ्या गोगलगायीने मागे सोडलेल्या चिकट स्रावाचा माग काढत जाते, आणि गाठलेले भक्ष्य अख्खे गिळते. पण जोडीदारही तिला अशाच मागावरून सापडतो. मीलनात मागची नराची, तर पुढची मादीची भूमिका घेते, आणि कधी अनेकींची साखळी झाली, तर मधल्या प्रत्येकीला एकाच वेळी दोन्ही भूमिका निभवाव्या लागतात. मोठी नॅव्हॅनॅक्स स्वजातीय लहानगीला गिळते, हेही पाहण्यात आलेले आहे. तेव्हा हा पाठलाग निर्धोक मुळीच नसतो. नॅव्हॅनॅक्सला त्रास झाला, की ती आपल्या मागात पिवळा स्राव सोडते, आणि त्या ठिकाणी पोहोचताच मागून येणारी दुसरी नॅव्हॅनॅक्स माग सोडून वळते.